दोन लाल, दोन पांढरे

११ जानेवारी, रविवार. संत्र्याचे रिकामे क्रेट धुवायचे होते. थंडीअखेर फुलणाऱ्या आंबिया बहाराचा माल डिसेंबरातच गेला होता, पण क्रेट मातीने आणि वाळलेल्या रसाने माखलेले तसेच अंगणात पडून होते. असे सोडले की मुंग्या लागतात, मग उंदीर येतात. चहा झाल्यावर मी नळी लावली, ब्रश घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, "मी घासते, तुम्ही उन्हात लावा."

त्यांनी लावले. एकावर एक न ठेवता, प्रत्येकाला ऊन लागेल असे तिरपे. काम व्यवस्थित, तोंड बंद. त्या दिवशी तोंड बंद असण्याला कारणही होतं. सोमवारी दुपारपर्यंत त्यांना साहेबांना 'हो' किंवा 'नाही' कळवायचं होतं.

माझा नवरा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. कागदावर लोको पायलट, पण आमच्या पांढुर्ण्यात अजून ड्रायव्हरच म्हणतात. नागपूर-इटारसी लाइनवर मालगाड्या चालवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. मागच्या उन्हाळ्यात नेहमीच्या मेडिकलमध्ये डोळे पास झाले नाहीत. पेपर वाचता येतो, गर्दीत माणूस ओळखता येतो, पण लांबचा सिग्नल जितका स्वच्छ दिसायला पाहिजे तितका दिसत नाही. त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि आमल्याच्या ऑफिसात टेबल दिलं. नियम नियमासारखाच होता, त्यात कुणाची चूक नव्हती. पण तेव्हापासून घरात एक माणूस कमी झाल्यासारखं झालं. ते यायचे, जेवायचे, पलंगावर आडवे होऊन छताकडे पाहायचे. गाडीचा भोंगा ऐकू आला की पूर्वी सांगायचे, ही अमुक गाडी, आज लेट आहे. आता भोंगा ऐकू आला की कूस बदलायचे.

डिसेंबरात साहेबांचा फोन आला. ट्रेनिंग सेंटरात इंजिनाचा नवा सिम्युलेटर बसवला होता. म्हणजे खोलीतच इंजिनाची केबिन, समोर काचेऐवजी पडदा, पडद्यावर रूळ पळतात. नवीन पोरांना त्यावर शिकवायला जुने, अनुभवी ड्रायव्हर पाहिजे होते. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी घरी. यांनी नाही म्हटलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, सोमवारी दुपारपर्यंत वाट पाहतो, नाहीतर दुसऱ्याला विचारतो.

मी एकदाच विचारलं होतं, काहून नाही?

"ज्याले सिग्नल दिसत नाही, त्यानं सिग्नल शिकवावा? पोरं हसतील व."

त्यावर मी वाद घातला नाही. वाद घालून माणूस कामाला लागत नाही, हे मला मजुरांकडून काम घेताना कळलेलं आहे.

सिम्युलेटर हा शब्द तोवर आमच्या घरात जुना झाला होता, आणि तो माझ्यामुळे झाला होता. ते आधी सांगते.

मागची खोली आमच्या मुलीची. ती हैदराबादला नोकरी करते. कॉलेजात असताना तिला विमानाचं वेड होतं. तिने एक दणकट कॉम्प्युटर, मोठे स्पीकर, एक दांडी, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा एक खटका आणि पायाखाली ठेवायचे दोन पेडल असं सगळं जमवून टेबलावर विमान मांडलं होतं, त्याला ती सिम्युलेटर म्हणायची. पुढे वेड गेलं, नोकरी लागली, सामान राहिलं. ऑगस्टमध्ये मी ठरवलं, हे विकून टाकू, दरवर्षी क्रेट ठेवायला जागा कमी पडते. विकण्याआधी चालू होतं की नाही ते पाहायला पाहिजे. मुलीला फोन लावला, तिने सांगितलं तशी बटणं दाबली, आणि समोर नागपूरची धावपट्टी उभी राहिली. छोटं, एका पंख्याचं विमान. पंखा फिरत होता.

"आता काय करू?"

"आई, खटका पुढे ढकल. विमान आपोआप डावीकडे ओढेल, पायाने सरळ ठेव. वेग वाढला की दांडी हळू मागे घे. आणि पडलं तर पडू दे, पैसे लागत नाहीत."

मी खटका पुढे ढकलला. विमान पळायला लागलं आणि खरंच डावीकडे ओढायला लागलं. माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला आणि विमान पट्टीवर राहिलं. मुलगी ओरडली, "तुला कसं जमलं? मी पहिला महिना गवतात जात होते!"

यात जमण्यासारखं काही नव्हतं. तिगाव रोडला आमची संत्र्याची बाग आहे आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून ट्रॅक्टर मी चालवते, कारण नवऱ्याच्या ड्यूटीला दिवस-रात्र नसे. ट्रॅक्टरला डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा, उजव्या चाकाचा वेगळा असतो. बांधाजवळ वळताना स्टिअरिंगपेक्षा पायच जास्त वळवतात. तेच पाय इथे कामाला आले.

मी त्या दिवशी उडाले, नाक फार उचललं, विमान वरच्या वर थांबलं आणि दगडासारखं खाली आलं. चहाचं दूध उतू जाण्याएवढाही आवाज झाला नाही. पडद्यावर पुन्हा धावपट्टी आली. मी पुन्हा उडाले.

सामान विकलं नाही.

पावसाळ्यात शेतात काम असतं तेव्हा असतं आणि नसतं तेव्हा अजिबात नसतं. संध्याकाळचा चहा आणि स्वयंपाक यांच्यामधला तास मी त्या खोलीत घालवायला लागले. मला पायलट व्हायचं नव्हतं. मी अजून खऱ्या विमानात पायही ठेवलेला नाही. पण एखादी गोष्ट जमत नसली की ती जमेपर्यंत मला चैन पडत नाही, एवढंच.

हळूहळू जमायला लागलं. आधी मी काट्यांकडे टक लावून बसायचे आणि विमान वर-खाली डुलायचं. मग लक्षात आलं की नांगरताना आपण चाकाकडे पाहत नाही. शेताच्या टोकाला एखादं झाड धरतो आणि त्याच्याकडे पाहत जातो, नांगराचं तास सरळ येतं. इथे झाडाऐवजी आभाळ आणि जमीन मिळते ती रेघ धरायची. विमानाचं नाक त्या रेघेच्या खाली बोटभर ठेवलं की विमान सरळ जातं. वळताना नाक खाली पडतं, तेव्हा दांडी जराशी मागे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दांडी मुठीत आवळायची नाही, दोन बोटांत धरायची. आवळली की विमान घाबरट बैलासारखं वागतं.

उडणं जमलं, वळणं जमलं. उतरणं जमेना.

उतरताना पट्टीच्या बाजूला चार दिवे दिसतात. चारही पांढरे दिसले तर आपण फार वर आहोत. चारही लाल, तर फार खाली. दोन लाल आणि दोन पांढरे दिसले की उतार बरोबर. इतकं सोपं. आणि इतकं सोपं असून मी रोज आपटत होते.

एका संध्याकाळी मी चारही दिवे लाल पाहून घाबरले आणि जोर वाढवायला गेले, तर विमान आणखी खाली. पट्टीच्या अलीकडे, कुणाच्या तरी शेतात. मागून हसण्याचा आवाज आला. नवरा दारात उभा होता. मेडिकलनंतर मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं.

"हा ट्रॅक्टर नाही व!"

"काय झालं?"

"तू खटका मागं ओढून राहिली. मागं ओढला की जोर कमी होते इथं."

बरोबर होतं. आमच्या ट्रॅक्टरला हाताच्या रेसची दांडी आपल्याकडे ओढली की इंजिन जोर धरतं. इतकी वर्षं हात तेच शिकलेला. शांत असताना लक्षात राहायचं, घाबरले की हात ट्रॅक्टरवर जायचा.

ते खुर्ची ओढून बाजूला बसले. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. ते पाहत राहिले. मग म्हणाले, "गप काहून बसली? बोल."

"काय बोलू?"

"जे दिसून राहिलं ते. तोंडानं बोल."

इंजिनात दोघं असतात. समोर सिग्नल आला की एकाने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तोच रंग परत सांगायचा. कितीही वर्षांची नोकरी असो, लाइन पाठ असो, मध्यान्ह असो की पहाट. एकट्याने मनात पाहिलेला सिग्नल पाहिला असं धरत नाहीत. लग्नानंतर सुरुवातीला हे झोपेतही "हिरवा" म्हणायचे आणि मी काही बोलले नाही तर जागे व्हायचे. मग मीही झोपेत "हिरवा" म्हणायला शिकले.

तर मी बोलायला लागले. वेग इतका, उंची इतकी, पट्टी समोर. फरक पडला. बोललं की हात घाई करत नाही.

उतार त्यांनीच शिकवला. तिगावच्या पुढे सातपुड्याचा घाट लागतो, तो घाट त्यांनी भरलेल्या मालगाड्या घेऊन कितीदा उतरला असेल, त्याची मोजदाद नाही. म्हणाले, "घाटात खाली आल्यावर ब्रेक नाही लावत. वर असतानाच गाडी हातात घ्यावं लागते. एकदा तिनं वेग घेतला की मंग तू नाही चालवत तिले, थे चालवते तुले." मी पट्टीपासून लांब असतानाच वेग कमी करायला लागले. त्यानंतर निदान पट्टीपर्यंत पोचायला लागले.

दिवाळीच्या आधी एकदा ते स्वतःच म्हणाले, "आज लाइन धर." आम्ही नागपूरहून निघालो आणि रुळावरून उडत आलो. पडद्यावर काटोल गेलं, नरखेड गेलं. पांढुर्णा आलं तेव्हा मी घर शोधत होते, ते पुढे पाहत होते. तिगाव. मग घाट. वरून तो घाट म्हणजे हिरव्या-तपकिरी चुरगळलेल्या कापडावर पडलेला दोरा होता.

"एवढाच आहे?" ते म्हणाले.

"वरून."

"खालून लय मोठा आहे व." आणि घाट मागे पडल्यावर, "लय मोठा होता."

मी विमान वळवलं आणि नागपूरला नेऊन आपटलं.

आपटण्याचं कारण आता ट्रॅक्टर एकटाच नव्हता. दुसरं कारण ते होते. पट्टीजवळ आलं की मी दिवे सांगायचे, "तीन लाल, एक पांढरा," आणि नियमाप्रमाणे त्यांना ते परत सांगायचं असे. पण परत सांगायचं तर स्वतः पाहायला पाहिजे. पडद्यावर ते दिवे मोहरीएवढे. त्यांना खुर्चीवरून दिसत नसत. मग ते उठायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पडद्याला नाक लावायचे. तेवढ्या वेळात माझ्यासमोर दिव्यांऐवजी त्यांचं डोकं. आणि तेवढ्यात आम्ही खाली.

"बाजूला व्हा ना वो!"

"पाह्यल्याशिवाय कसं सांगू?"

"मी सांगून राहिली ना!"

"तू सांगितलं. मी नाही पाह्यलं."

रोज हेच. त्यांचा नियम मोडत नव्हता आणि माझं विमान टिकत नव्हतं.

भाऊबीजेला आम्ही सौसरला माझ्या माहेरी गेलो. धाकटा भाऊ बोरगावच्या कारखान्यात आहे, जिभेला हाड नाही. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. ओवाळताना पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, भाऊजींची गाडी सुटली म्हून तू विमान काढलं म्हणे! आता भाऊजी तिकिटं तपासतात काय त्यात?" सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी म्हटलं, "तू पाटावरून पडून नको राहू, तेवढं पुष्कळ," आणि पेढा त्याच्या तोंडात कोंबला. पण परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेर पाहत राहिला आणि त्यानंतर मागच्या खोलीत आला नाही. दार उघडं ठेवून मी मोठ्याने वेग आणि उंची बोलायचे. उत्तर यायचं नाही. डिसेंबरात साहेबांच्या फोनला त्यांनी दोनदा नाही म्हटलं, ते याच काळात.

तर अकरा जानेवारी. क्रेट उन्हात होते. दुपारी तीनच्या सुमारास उत्तरेकडून ढग चढला, काळा आणि खाली आलेला. थंडीतल्या अशा ढगातून गारपीट होते, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. बाग ताणावर होती, म्हणजे नव्या बहारासाठी झाडांचं पाणी तोडलेलं होतं. तिच्यासाठी पाऊस वाईट, पण बागेवर छत्री धरता येत नाही. क्रेट उचलता येतात.

"शेडमधी नेऊ?" त्यांनी विचारलं.

"शेडचे पत्रे वाजतात नुसते, वाऱ्यात उडतील. मागच्या खोलीत."

आम्ही दोघांनी धावत धावत क्रेट आत नेले. आधी भिंतीलगत, मग मध्ये, मग एकावर एक डोक्याएवढे. शेवटी माझ्या खुर्चीपुरती जागा उरली आणि दारापाशी एक क्रेट उलटा पडला होता तेवढी. मधे निळ्या क्रेटांची भिंत. ढग आला, चार थेंब टाकले आणि नरखेडकडे निघून गेला. घामाने दोघं भिजलो होतो. मी चहा केला. ते कप घेऊन त्या उलट्या क्रेटवर बसले, कारण तिथे वारा येत होता. मी माझा कप घेऊन टेबलापाशी गेले, कारण माझी वेळ झाली होती. कुणी कुणाला बोलावलं नाही.

मी उडाले, गोल फेरी घेतली, उतरायला वळले. सवयीने बोलत होते.

"पट्टी समोर. वेग पंच्याहत्तर."

मागून फक्त चहाचा घोट घेतल्याचा आवाज.

"दिवे चार. चारही पांढरे."

क्रेट सरकल्याचा आवाज झाला. ते उठले होते. पण कडेच्या, जेमतेम माझ्यापुरत्या फटीतून त्यांना येता येईना. वरचा एक क्रेट धाडकन खाली आला.

"पाडा, पाडा सगळे! दिवसभर धुतले मी!"

"मले दिसत नाही इथून."

"तुम्हाले दिसायची गरज काय? मले दिसून राहिलं. चार पांढरे."

विमान पट्टीकडे सरकत होतं आणि मला मान वळवायला वेळ नव्हता. मला वाटलं, गेले बाहेर.

मग आवाज आला. "चार पांढरे. म्हणजे वर आहे तू. मंग?"

"जोर कमी करते."

"किती?"

"थोडा."

"कर. वेग बोल."

"सत्तर."

"नाक?"

"रेघेच्या खाली."

"ठेव तिथंच. दिवे?"

"तीन पांढरे, एक लाल."

"तीन-एक," ते म्हणाले. न पाहता म्हणाले. मला त्या क्षणी ते कळलं, पण कळून करायला काही नव्हतं.

"दोन-दोन. दोन लाल, दोन पांढरे."

"दोन-दोन. आता काही करू नोको. हात हलका. घाट उतरून राहिली तू, घाई नाही."

पट्टी मोठी होत गेली. खाली रस्ता गेला, झाडं गेली. मग वारा असेल किंवा माझंच बोट जड झालं असेल, एक पांढरा दिवा विझल्यासारखा लाल झाला, आणि लगेच शेवटचा.

"चार लाल! चार लाल!"

माझा हात गेला. आणि क्रेटांच्या भिंतीमागून, जिथून पडदा तर सोडाच, माझं डोकंही दिसत नव्हतं, तिथून ते कडाडले, "आवाज काहून उतरला? मागं ओढला तू! पुढं! पुढं ढकल!"

मी पुढे ढकलला. स्पीकरमधून इंजिन चढलं.

"हाव. चढू दे. आइक, चढून राहिलं. बस. तिथंच ठेव. दिवे?"

"तीन लाल, एक पांढरा."

"तीन-एक. चालते. पट्टी?"

"खाली आली. पट्टीवर आहे मी."

"जोर काढ. पूर्ण काढ. आता मागं ओढ, आता ओढायचाच आहे."

मी काढला, दांडी दोन बोटांनी मागे घेतली, नाक जरा उचललं. चाकं टेकली, विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि पळायला लागलं. मी पायांनी धरलं. वेग उतरला. पंखा फिरत राहिला आणि विमान उभं राहिलं.

"थांबली?"

"थांबली."

"लाइनवर?"

"थोडी डावीकडे. पण पट्टीवर."

"डावीकडे चालते," ते म्हणाले.

मी खुर्ची वळवली. क्रेटांच्या वर फक्त त्यांचे केस दिसत होते. कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाले कसं कळलं, मी मागं ओढला म्हून?"

"आवाज पडला ना. इंजिन बोलते. जोर लागून राहिला की निघून राहिला, कानाले समजते." मग म्हणाले, "मंग तुझा हात कुठं गेला असन, हे काय पाहावं लागते? दरवेळी तिथंच जाते."

या माणसाला या वेळी काही सांगणं म्हणजे बहार धरलेलं झाड हलवून पाहण्यासारखं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला, क्रेटांच्या कडेने अंग चोरून बाहेर आले आणि भाजी चिरायला घेतली.

ते तिथेच बसून होते. भाजी फोडणीला टाकेपर्यंत बसून होते. मग स्वयंपाकघराच्या दारात आले.

"पोरांचेही हात असेच जात असतील," ते म्हणाले.

"कोणत्या पोरांचे?"

"सेंटरात. कोणी ट्रकवरचा असन, कोणी ट्रॅक्टरवरचा. घाबरला की जुन्या जागी हात जाते. ज्यानं त्याले शिकवायचं, त्यानं पडदा पाहून काय फायदा? पडदा तर पोरगा पाहूनच राहिला. यानं हात पाहावा. नाहीतर आइकावं."

"हं," मी म्हटलं. "मीठ द्या तिकडचं."

त्यांनी मीठ दिलं. "मागं बसावं. थोडं दूर. पोराले बोलायले लावावं." मग, जणू भाजीबद्दलच विचारताहेत, अशा सुरात, "साहेबांचा नंबर तुह्या फोनमधी आहे की माह्या?"

"दोन्हीत आहे."

"उद्या आमल्याले जायच्या आधी लावतो. सकाळी भेटतात ते."

जेवताना त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. एक, आठवडाभर बागेचं मला जमेल का. मी म्हटलं, इतकी वर्षं कोण करत होतं? दुसरी, तिकडे पोरं हसली तर. मी म्हटलं, हसतील. पहिल्या दिवशी हसतील. माझा भाऊ अजून हसतो, आणि त्याला सायकलही सरळ चालवता येत नाही. यावर ते हसले नाहीत, पण त्यांनी आणखी एक पोळी घेतली.

रात्री उशिरा कुठली तरी मालगाडी गेली. भोंगा ऐकू आला. "आमल्याकडून आली, रिकामी आहे," ते अंधारात म्हणाले. आवाजावरून. मी "हं" म्हटलं, म्हणजे त्यांना उठावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ते अंगणात उभे राहून फोन लावत होते, एक हात कमरेवर, पाठ ताठ, ड्यूटीवर जाताना उभे राहायचे तसे. पलीकडून साहेब काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. हे मात्र "हो साहेब" म्हणाले, मग "या सोमवारपासून नाही, पुढच्या," मग "चष्मा आहे साहेब, पण कानाचं काम जास्त आहे." मी थांबून पूर्ण ऐकलं नाही. मला क्रेट शेडमध्ये न्यायचे होते.

मी सगळे नेले, दोन-दोन करत, पत्र्याखाली दोरीने बांधून ठेवले. खोली झाडली. टेबलापासून दारापर्यंत पुन्हा मोकळी जागा झाली. बाजूची खुर्ची मी उचलून पुढच्या खोलीत ठेवली आणि दारापाशी तो एक क्रेट तसाच राहू दिला, उलटा. शनिवारी ते घरी येतील तेव्हा बसायला लागेल. मग ट्रॅक्टरची चावी घेतली आणि बागेत चार थेंबांनी काही बिघडलं का ते पाहायला तिगाव रोडला निघाले.